लॅपटॉप कधीमधीच लागतो, मग रोज तीन जीबी कशाला?

देवरुखहून एका ताईंनी विचारलंय. त्या घरून चार-पाच दुकानांचे हिशोब बघतात, जीएसटीची रिटर्न्स भरतात. लॅपटॉप महिन्यातून आठ-दहा दिवसच उघडतो. फोनला २८ दिवसांचा, रोज दीड जीबीचा प्लॅन आहे. हॉटस्पॉट लावून लॅपटॉप जोडला की तास-दीड तासात आजचा डेटा संपल्याचा मेसेज येतो. रविवारी मुलीचं दोन तासांचं ऑनलाइन लेक्चर असतं, त्या दिवशी तर घरात भांडणच. सासऱ्यांकडेही स्मार्टफोन आहे. रिचार्जवाला म्हणतो रोज तीन जीबीचा प्लॅन घ्या, भाऊ म्हणतो डोंगल, म्हणजे वेगळं सिम घालून लॅपटॉपला नेट देणारं छोटं यंत्र, घे. यातलं स्वस्तात काय पडेल?

ताई, दोन्ही नको. का नको ते सांगतो. मी साताऱ्यात लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान चालवतो, काउंटरवर रिचार्जही करतो, त्यामुळे हा प्रश्न दोन्ही बाजूंनी माझ्यापुढे येतो. आणि मोठ्या रिचार्जवर दुकानदाराला कमिशनही मोठं मिळतं, हे सांगायला मला संकोच नाही.

तुम्हाला डेटा कमी पडत नाहीये. दीड जीबी गुणिले २८ म्हणजे महिन्याला ४२ जीबी तुम्ही विकत घेताच आहात. तुमच्या वर्णनावरून फोन, लॅपटॉप, लेक्चर सगळं धरून पंचवीस-तीसच्या पुढे तुमचा वापर जात नसावा. अडचण अशी की कंपनी देते रोज सारखा आणि तुम्हाला लागतो झुबक्याने. विक्रीचा तपशील द्यायच्या जीएसटीआर-१ ची तारीख ११, कर भरायच्या जीएसटीआर-३बी ची २०. म्हणजे महिन्यातले ८ ते ११ आणि १७ ते २० हे तुमचे धामधुमीचे दिवस, शिवाय चार रविवार. बाकीच्या दिवशी अर्धा-पाऊण जीबी रात्री बारा वाजता न वापरता जातो. तीन जीबीचा प्लॅन घेतला तर तो रोज दोन-सव्वादोन जीबी वाया घालवेल, बस. चार पाहुणे महिन्यातून एकदा येतात म्हणून कोणी रोज दुप्पट दूध लावत नाही.

आता पहिला प्रश्न प्लॅनचा नाहीच. रिटर्न भरताना दीड जीबी संपतोच कसा? जीएसटीच्या पोर्टलचं पान उघडायला दोन-चार एमबी लागत असतील. तुम्ही अपलोड करता ती फाइल छोट्या दुकानाची असेल तर केबीत मोजावी लागेल. दिवसभर पोर्टलवर बसलात आणि ते विसाव्या तारखेला नेहमीप्रमाणे अडकत-अडकत चाललं तरी शंभर-दोनशे एमबीच्या वर जाणं अवघड. मग उरलेला डेटा कोण खातं? लॅपटॉप स्वतः खातो. त्याला तुमचा हॉटस्पॉट म्हणजे घरचं फुकटचं वाय-फाय वाटतं. आठवडाभर बंद असलेला लॅपटॉप नेट मिळालं की आधी स्वतःची थकबाकी वसूल करतो. विंडोजचे अपडेट येतात, मासिक अपडेटच काही शे एमबीचा असतो आणि मोठा वार्षिक अपडेट काही जीबींचा. वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह, अँटिव्हायरस, ब्राउझर, सगळे रांगेत उभे असतात. म्हणूनच जे लोक लॅपटॉप कधीतरी उघडतात त्यांचा डेटा रोज वापरणाऱ्यांपेक्षा झपाट्याने संपतो. तुमच्यासारखी तक्रार घेऊन कोणी आलं की मी आधी प्लॅन विचारत नाही, लॅपटॉप मागतो.

तुम्हीही तेच करा. विंडोज ११ असेल तर सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात खाली अॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, त्यात डेटा युसेज. तिथे गेल्या तीस दिवसांत कुठल्या प्रोग्रामने किती डेटा घेतला ते मोठ्यापासून लहानापर्यंत लावलेलं दिसतं. वर बहुतेक वेळा ब्राउझर असतो आणि त्याच्या खालोखाल 'सिस्टम' किंवा अपडेटचं काहीतरी. ब्राउझर खूप वर असेल तर घरात कोणीतरी लॅपटॉपवर व्हिडिओ बघतंय, एवढं समजून घ्या. कोण, ते मी विचारत नाही.

मग हॉटस्पॉट जोडलेला असतानाच वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये जा. तिथे 'मीटर्ड कनेक्शन' असं बटण आहे, ते चालू करा. एवढ्याने विंडोजला कळतं की हा डेटा मोजून मिळतोय. बहुतेक अपडेट थांबतात, वनड्राइव्हही सिंक थांबवतं. गूगल ड्राइव्हचं अॅप असेल तर ते मात्र हाताने पॉज करा. अपडेटच्या सेटिंग्जमध्ये 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' आहे, तेही बंद ठेवा, कारण ते चालू असलं आणि त्यात इंटरनेटवरचे कॉम्प्युटर निवडलेले असले तर तुमच्या डेटातून दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरला अपडेट पुरवले जाऊ शकतात. एक बारीक गोष्ट इथे बऱ्याच जणांची निसटते. मीटर्डची खूण त्या-त्या नेटवर्कपुरती असते. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग केलंत तर विंडोजला तो वाय-फाय न वाटता इथरनेट वाटतो. तिथे पुन्हा वेगळं बटण चालू करावं लागतं. सासऱ्यांचा हॉटस्पॉट जोडलात तरी पुन्हा एकदा.

अपडेट कायमचे अडवायचे नाहीत. तुम्ही लोकांचे हिशोब त्या मशीनवर ठेवता, सुरक्षेचे अपडेट हवेतच. त्यासाठी आमच्याकडची रीत सांगतो. महिन्यातून एकदा रात्री साडेअकराला लॅपटॉप जोडा, मीटर्ड बंद करा आणि अपडेट सुरू करा. बारापर्यंत आजचा उरलेला डेटा वापरला जातो, बारानंतर उद्याचा कोटा सुरू होतो. न वापरता जाणारा डेटा असा सत्कारणी लागतो. सकाळी मीटर्ड पुन्हा चालू करायला विसरू नका.

आता सासऱ्यांचा फोन. त्यांना रोज किती डेटा मिळतो ते बघा. दीड जीबी असेल तर त्यातला किती वापरतात? सुप्रभातचे फोटो, दोन-चार कीर्तनाचे व्हिडिओ. बाकीचा डेटा तुमच्या घरात, तुमच्याच पैशाने विकत घेतलेला, रोज मध्यरात्री संपतो. रविवारचं लेक्चर त्यांच्या हॉटस्पॉटवर चालवा. नवीन प्लॅन घेण्याआधी घरात आधीच विकत घेतलेला डेटा मोजावा, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण पहिल्यांदा हसतो. उलट सासरे डेटा अजिबातच वापरत नसतील तर त्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचा प्लॅन घ्या. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, असे प्लॅन देणं कंपन्यांना बंधनकारक केलंय. अॅपमध्ये ते सहज समोर येत नाहीत, शोधावे लागतात. दोन्हीपैकी एक करा, पण न वापरलेल्या डेटाचे पैसे भरत राहू नका.

लेक्चर किती खातं याचा अंदाज काढायला एकच आकडा लक्षात ठेवा: सेकंदाला १ मेगाबिट वेगाने तासभर काही चाललं तर ४५० एमबी होतात. झूमवर समोरासमोर दोघांचा चांगल्या दर्जाचा व्हिडिओ साधारण ०.६ मेगाबिट घेतो, एचडी झाला की १.२. आणि हे जाताना वेगळं, येताना वेगळं. कंपनी दोन्ही मोजते. म्हणजे एचडीमध्ये कॅमेरे लावून तासभर बोललात तर जीबीच्या वर गेलाच म्हणून समजा. मुलीने स्वतःचा कॅमेरा बंद ठेवला की जाणारा भाग जवळपास संपतो. शिक्षक फक्त स्क्रीन दाखवत असतील तर खर्च अगदीच किरकोळ, कारण स्थिर पानाला डेटा कमी लागतो, हलणाऱ्या चेहऱ्याला जास्त. झूमच्या सेटिंग्जमध्ये एचडी बंद करा, गूगल मीटमध्ये व्हिडिओचं रिझोल्यूशन ३६० वर आणा. लेक्चर यूट्यूबवर असेल तर ४८० पुरे. लॅपटॉपचा पडदा मोठा म्हणून यूट्यूब आपणहून वरचा दर्जा निवडतं आणि फोनवर जो तास चारशे एमबीत निघतो तो लॅपटॉपवर जीबीभर होतो.

एवढं करून पंधरा दिवस बघा. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त लोकांचा प्रश्न इथेच मिटतो. तुमचा नाही मिटला तर पुढचं वाचा.

प्लॅनचे दर मी जुलै २०२४ च्या दरवाढीत ठरलेले धरतोय. रिचार्जच्या दिवशी अॅपमध्ये पुन्हा बघा, आकडे हलले तरी हिशोबाची रीत तीच. जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन २९९ रुपये. तीनदा मारला की ८४ दिवसांचे ८९७. त्याच जिओचा रोज २ जीबीचा ८४ दिवसांचा प्लॅन ८५९. म्हणजे जास्त डेटा, आणि ३८ रुपये कमी! एअरटेलचंही तसंच आहे: दीड जीबीचा २८ दिवसांचा ३४९, तीनदा १०४७, रोज २ जीबीचा ८४ दिवसांचा ९७९. महिन्याच्या खर्चाला सवयीने २८ दिवसांचा मारत राहणाऱ्यांना हे दिसतच नाही. त्यात २८ दिवसांच्या हिशोबाने वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज होतात, ते वेगळंच.

रोज तीन जीबीचा ८४ दिवसांचा प्लॅन जिओमध्ये ११९९ आहे. २ जीबीवाल्यापेक्षा ३४० रुपये जास्त. हे ३४० रुपये खिशात ठेवा. ज्या दिवशी खरंच कमी पडेल त्या दिवशी डेटा पॅक टाका. एका-दोन दिवसांसाठी २ जीबीचा पॅक तीस-पस्तीस रुपयांत मिळतो. म्हणजे ८४ दिवसांत दहा-अकरा पॅक, महिन्याला तीन-साडेतीन झाले. तुम्हाला तेवढेही लागणार नाहीत असं मला वाटतं. महिन्यात साडेतीन-चारच्या वर लागू लागले तर मात्र पॅकचं गणित उलटतं. मग सरळ तीन जीबीवर जा. पॅक घेताना त्याची मुदत बघा. काही पॅक त्या दिवशी रात्रीच संपतात, काही आठवडाभर चालतात, आणि नुसता पॅक चालत नाही, खाली मूळ प्लॅन जिवंत लागतो. अकरावी तारीख गाठायची असेल तर आठवडाभराचा पाच-सहा जीबीचा पॅक बरा, तो सत्तर-ऐंशी रुपयांत मिळतो. रविवारच्या लेक्चरला एका दिवसाचा पुरतो.

२ जीबीवर जायचं आणखी एक कारण आहे. या दोन्ही कंपन्या अमर्यादित ५जी बहुतेक रोज २ जीबी किंवा त्याच्या वरच्या प्लॅनवर देतात. तुमचा फोन ५जी असेल आणि तुम्ही जिथे बसता तिथे खरोखर ५जी येत असेल तर हॉटस्पॉटचा डेटाही त्या अमर्यादितमधून जातो आणि तुमचा सगळा प्रश्नच निकालात निघतो. पण दोन्ही 'असेल' महत्त्वाचे आहेत. फोनच्या पट्टीवर ४जी दिसू लागलं की त्या क्षणापासून रोजचा कोटा मोजला जातो. आणि हे अमर्यादित खासगी वापरापुरतं आहे, त्याच्या अटी असतात, तेवढ्या वाचून घ्या.

देवरुखात कुठपर्यंत ५जी येतं हे साताऱ्यात बसून सांगणं बरोबर नाही. पण एक सांगतो. ५जीचा मोठा भाग ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर चालतो आणि त्या लहरी जाड भिंतीतून आत येताना दम तोडतात. तुमच्याकडच्या चिऱ्याच्या भिंती तर चांगल्या दीड वीत जाड. अंगणात ५जी आणि माजघरात ४जीची एक कांडी, असं सहज होतं. त्यामुळे फोन खिडकीत ठेवा, तिथेच चार्जिंगला लावा आणि लॅपटॉप वाय-फायने जोडून आत बसा. फोन आणि लॅपटॉप शेजारी-शेजारी ठेवण्याची काही गरज नसते, तरी सगळे तसेच ठेवतात. मग फोन तापतो, रेंज कमी पडते, नेट रडतं आणि दोष प्लॅनवर जातो.

कंपनी बदलायचा विचार असेल तर आधी घरातल्या नि शेजारच्या वेगवेगळ्या सिमवर, तुमच्या कामाच्याच टेबलावर, रात्री आठ-नऊच्या गर्दीत, वीस एमबीची एखादी फाइल स्वतःला मेल करून बघा. डाउनलोडपेक्षा अपलोड लवकर मान टाकतो, आणि तुमचं काम अपलोडचं आहे. स्वस्त प्लॅन ज्या टॉवरवर चालतो तो टॉवर पावसाळ्यात लाइट गेल्यावर किती वेळ टिकतो हेही शेजाऱ्यांना विचारा. कोकणात हे दराइतकंच महत्त्वाचं. बीएसएनएलचे दर कमी आहेत, त्यांचं स्वदेशी ४जीही सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झालं, पण गावागणिक अनुभव वेगळा. तुमच्या वाडीत चालत असेल तर डोळे झाकून घ्या, नसेल तर स्वस्ताईचा उपयोग नाही. व्होडाफोन-आयडियाची रेंज चांगली असेल तर त्यांची एक सोय तुमच्या घराला चपखल बसते: काही प्लॅनमध्ये सोमवार ते शुक्रवार उरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरता येतो. रविवारच्या लेक्चरला आणखी काय हवं? आणि कंपनी नवीन असेल तर आधी २८ दिवसांचाच मारा. ८४ दिवसांचे पैसे भरून मग रेंज नाही म्हणून पोर्ट केलं तर उरलेली मुदत परत मिळत नाही.

डोंगलचं थोडक्यात सांगतो. डोंगलमध्ये वेगळं सिम लागतं, त्याला वेगळा रिचार्ज लागतो आणि नेटवर्क तेच असतं जे फोनला मिळतं. वेग वाढत नाही, बिल वाढतं. ज्याला दिवसभर फोन बाहेर न्यायचा असतो आणि घरी दुसऱ्या कोणाला नेट हवं असतं त्याला त्याचा उपयोग. तसं असलं तरी मी डोंगल विकत घ्या म्हणणार नाही. कपाटात पडलेला जुना ४जी फोन चार्जरला लावून हॉटस्पॉट म्हणून तेच काम करतो. फक्त दुसरं सिम घेऊन विसरू नका. ९० दिवस काहीच वापर झाला नाही आणि शिल्लकही नसली तर नंबर जातो.

पोस्टपेडबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या वापराचा आकार त्याला जुळतो म्हणून सांगतो. तिथे रोजचा कोटा नसतो, महिन्याचा एकत्र साठा असतो. अकरा तारखेला पाच जीबी वापरा नाहीतर शून्य. अडचण दोन. प्रीपेडच्या किमतीत जीएसटी धरलेला असतो, पोस्टपेडच्या नसतो. तुम्हाला ते वेगळं सांगायला नको, तरी जाहिरातीत ३४९ दिसलं की लोक ३४९ च धरतात. १८ टक्के लावून ते ४१२ होतात. आणि दुसरं, जिओच्या त्या ३४९ मध्ये महिन्याला ३० जीबी मिळतो. तुमच्या वापराला जेमतेम पुरेल, पण घरात कोणी एक क्रिकेटची मॅच पूर्ण बघितली की साठ्याला भगदाड. शिस्त असलेल्या घराला पोस्टपेड चांगलं. तुमच्या घरी रविवारी भांडण होतं म्हणता, म्हणून मी प्रीपेडच म्हणेन. तिथे नुकसान त्या दिवसापुरतं राहतं.

फायबर कधी? लॅपटॉप महिन्यातून पंधरा-वीस दिवस उघडू लागला किंवा मुलीचं लेक्चर रोजचं झालं, तर. ३९९ चा प्लॅन जीएसटीसह ४७१ ला पडतो, पण मग दोन्ही फोन घरात वाय-फायवर चालतात आणि त्यांचे प्लॅन खाली आणता येतात. वाडीपर्यंत केबल आली आहे का आणि लाइट गेल्यावर राउटर चालू राहायला छोटा इन्व्हर्टर आहे का, हे आधी बघा. विसाव्या तारखेला संध्याकाळी लाइट गेली तर तुम्हाला पुन्हा फोनवरच यावं लागेल, म्हणून तेव्हाही फोनचा डेटा पूर्ण बंद करू नका.

तर या महिन्यात एक रुपयाही जास्त न भरता मीटर्ड चालू करा, रविवार सासऱ्यांच्या फोनवर काढा. चालू रिचार्ज संपेल तेव्हा, रेंज चांगली असेल तर, ८४ दिवसांचा रोज २ जीबीचा मारा. आणि जमलं तर अकरा तारखेची रिटर्न्स आठ-नऊलाच भरून टाका. पोर्टल तेव्हा पळतं, तुमचे तासही वाचतात आणि डेटाही.